सायकल ऑनलाइन घ्यायची की दुकानातून? आधी माप घ्या, मग ठरवा

सायकल घेताना बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी सवलत दिसते, मग रंग आवडतो, मग ऑर्डर जाते आणि खोकं दारात आल्यावर प्रश्न पडतो, ‘ही माझ्या उंचीला चालेल ना?’ दुकानात जाणाऱ्यांचंही फार वेगळं नसतं. जी सायकल शिल्लक आहे तीच तुमच्या मापाची आहे असं दुकानदार सांगतो आणि आपण मान डोलावतो. दोन्हीकडे फसगत एकाच कारणाने होते. कुठून घ्यायची हे आधी ठरतं. कोणती आणि किती मापाची हे नंतर.

म्हणून इथे ‘ऑनलाइन की दुकान’ हा निर्णय चौथ्या पायरीवर ठेवला आहे. आधीच्या तीन पायऱ्यांना एक संध्याकाळ पुरते. ज्यांचं खोकं आधीच घरी येऊन पडलंय त्यांनी थेट सहाव्या पायरीवर जावं, आणि ती पूर्ण वाचून होईपर्यंत पान्याला हात लावू नये.

पायरी १: वापर एका वाक्यात लिहून काढा

‘फिटनेससाठी’ हे उत्तर नाही. ‘रोज जाऊन-येऊन बारा किलोमीटर, डांबरी रस्ता, वाटेत एक मोठा चढ, पाठीवर लॅपटॉप, पावसातही’ हे उत्तर आहे. अशा वाक्यातून निम्मी यादी आपोआप निघते. पावसात चालवायची म्हणजे मडगार्ड लागणार, म्हणजे फ्रेमला आणि फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्याला) मडगार्ड बसवायची भोकं हवीत. लॅपटॉप रोज न्यायचा तर कॅरिअर हवं. चढ आहे तर हलका गिअर हवा.

गिअरच्या आकड्याला भुलू नका. ‘२१ गिअर’ म्हणजे पुढे तीन आणि मागे सात चकत्या. त्यातले बरेच गिअर एकमेकांच्या इतके जवळ असतात की फरक जाणवत नाही. चढासाठी बघायचं ते एवढंच: पुढची सर्वांत लहान चकती किती दात्यांची आणि मागची सर्वांत मोठी किती दात्यांची. मागची पुढचीइतकी किंवा तिच्याहून मोठी असेल, म्हणजे पुढे २८ आणि मागे ३४ असं काही, तर बहुतेक चढ बसल्या जागी निघतात.

सस्पेन्शनचंही तसंच. कमी किमतीच्या सायकलीतला स्प्रिंगवाला फोर्क वजन वाढवतो, चढावर पायांचा जोर खातो आणि दोन पावसाळ्यांनंतर बऱ्याचदा नावापुरता उरतो. डांबरी आणि थोड्या खडबडीत रस्त्याला साधा फोर्क आणि ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचे टायर जास्त कामाचे. जंगलातल्या दगडधोंड्यांतून जायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग त्या फोर्कसाठी पैसेही वेगळे मोजावे लागतात.

पायरी २: मापं घ्या, फक्त उंची नको

सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून ही पायरी सावकाश करा.

उंचीवरून सायकलचा साइज सांगणारा तक्ता हा फक्त अंदाज असतो. समजा दोघांची उंची १७० सेंटिमीटर आहे. एकाच्या पायाचं आतल्या बाजूचं माप ७६ सेंटिमीटर, दुसऱ्याचं ८२. त्यांच्या सीटच्या उंचीत पाच सेंटिमीटरहून जास्त फरक पडतो. ज्याचे पाय लांब त्याचं धड आखूड, म्हणजे हँडलपर्यंतचं अंतरही त्याला कमी लागतं. तक्ता मात्र दोघांना एकच साइज देतो.

माप असं घ्या:

१. अनवाणी, भिंतीला पाठ आणि टाचा टेकवून उभे राहा. दोन पायांत साधारण १५ सेंटिमीटर अंतर ठेवा.

२. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक पायांमध्ये उभं धरा, त्याची एक कड भिंतीला चिकटलेली हवी. ते वर सरकवत जांघेपर्यंत न्या आणि सीटवर बसल्यासारखा दाब येईल इतकं घट्ट धरा.

३. पुस्तकाची वरची कड भिंतीवर जिथे येते तिथे दुसऱ्या कुणाला खूण करायला सांगा. जमिनीपासून खुणेपर्यंतचं अंतर मोजा.

४. तीनदा मोजून सरासरी काढा. पुस्तक तिरकं झालं की माप दीड-दोन सेंटिमीटरने सहज चुकतं.

पँटचं माप इथे चालत नाही. ते नेहमी कमी येतं.

आता या मापाला ०.८८३ ने गुणा. जे उत्तर येईल ते क्रँक (ज्याच्या टोकाला पेडल बसतं तो) जिथे फिरतो त्या मध्यबिंदूपासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, सीटच्या नळीच्या रेषेत मोजलेलं. ७८ सेंटिमीटर पायाला ६८.९ आलं. सुरुवातीला यापेक्षा एखादा सेंटिमीटर खाली ठेवलंत तरी हरकत नाही. हा आकडा फोनमध्ये लिहून ठेवा, पुढे तीनदा लागेल.

दुसरं माप म्हणजे दांड्यावरून पाय टाकून उभं राहिल्यावर दांडा आणि जांघ यांत उरणारी जागा. रस्त्यावरच्या सायकलला अडीच ते पाच सेंटिमीटर पुरते, कच्च्या वाटांच्या सायकलला पाचपेक्षा जास्त हवी. ऑनलाइन पानावर दांड्याची जमिनीपासूनची उंची दिलेली असते. ती स्वतःच्या मापातून वजा करा. बूट घालणार असाल तर तळाची जाडी तुमच्या बाजूने धरा.

तिसरं माप फार कमी लोक घेतात, पण ज्यांना घेता येतं त्यांनी जरूर घ्यावं. घरातली, मित्राची, भाड्याची अशी कुठलीही सायकल तुम्हाला तासभर चालवूनही मान-पाठ न दुखता जमत असेल, तर तिच्या सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून ठेवा. कुठल्याही तक्त्यापेक्षा हा एक आकडा जास्त खरा.

तपासा: हातात आता किमान तीन आकडे हवेत. पायाचं माप, त्यावरून निघालेली सीटची उंची, आणि तुमचं वजन अधिक रोजचं सामान. वजन कशाला, ते पुढे येतंच.

पायरी ३: सायकलचा कागद वाचा

साइजचं नाव बघू नका. एका कंपनीचा ‘एम’ दुसरीच्या ‘एल’एवढा असू शकतो, आणि ‘१८ इंच’ हा आकडा फक्त सीटच्या नळीची लांबी सांगतो. ती नळी आखूड असली तरी सीटपोस्ट वर करून भागतं. हँडलपर्यंतचं अंतर तसं भागत नाही. म्हणून भूमितीच्या तक्त्यात, म्हणजे फ्रेमच्या मापांच्या तक्त्यात (जिऑमेट्री), दोन आकडे शोधा. पहिला ‘रीच’, म्हणजे क्रँकच्या मध्यापासून हँडलच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर. दुसरा ‘स्टॅक’, म्हणजे तेच अंतर उभ्यात. रीच जास्त आणि स्टॅक कमी असेल तर पुढे वाकून बसावं लागेल. एरवी खुर्चीवर बसून काम करणाऱ्या, पाठ कुरकुरणाऱ्या माणसाने याच्या उलट मागावं.

भूमितीचा तक्ताच दिला नसेल तर ती सायकल ऑनलाइन घेऊ नका. दुकानात जाऊन बसून बघता येत असेल तरच तिचा विचार करा. इथे मी अपवाद करत नाही.

मग सुट्या भागांकडे या. उद्या एखादा भाग बदलायचा झाला तर तो कुठेही मिळेल का, एवढंच बघायचं:

- टायरवरचा आकडा. ‘२६ इंच’ एवढ्यावर थांबू नका. कच्च्या रस्त्याच्या सायकलचं २६ इंची चाक ५५९ असतं आणि जुन्या घाटाच्या २६ × १ ३/८ चं ५९०. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. २७.५ म्हणजे ५८४. ७०० सी आणि २९ इंच दोन्ही ६२२. टायरच्या कडेवर ‘४०-६२२’ असं छापलेलं असतं: आधी रुंदी, मग रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये.
- मागच्या गिअरच्या चकत्या कॅसेट आहेत (चाकाच्या मधल्या भागावर, म्हणजे हबवर, सरकवून बसणाऱ्या) की फ्रीव्हील (हबवर आट्यांनी फिरवून बसणाऱ्या). फ्रीव्हीलच्या हबमध्ये ॲक्सलचा उजवा भाग आधाराविना जास्त लांब राहतो, म्हणून वजनदार माणसाकडे किंवा जास्त ओझ्याला तो वाकण्याची शक्यता जास्त. रोज सामान वाहणाऱ्यांनी कॅसेट बघावी.
- रिम एकपदरी (सिंगल वॉल) की दुपदरी (डबल वॉल). दुपदरी घ्या.
- कमाल वजनमर्यादा. चालक, सामान आणि पुष्कळदा सायकलही धरून ती दिलेली असते. तुमचं वजन लिहून ठेवायला सांगितलं ते यासाठी.
- डिरेलर हँगर, म्हणजे मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो तो. फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम मऊ असतो आणि जवळपास प्रत्येक मॉडेलचा आकार वेगळा. ऑनलाइन घेणार असाल तर एक जादा हँगर त्याच ऑर्डरमध्ये मागवा. दोन वर्षांनी मॉडेल बंद झाल्यावर तो शोधणं ही शिक्षा असते.

पायरी ४: आता ठरवा, ऑनलाइन की दुकान

कागदावर दोन रकाने आखा आणि दोन्हीत पूर्ण रक्कम लिहा, छापील किंमत नव्हे. ऑनलाइनच्या रकान्यात सायकलची किंमत, पाठवणीचा खर्च, जोडणीची मजुरी, पेडल (महागड्या सायकली पुष्कळदा पेडलशिवाय येतात), स्टँड, मडगार्ड, घंटी, दिवे, पहिली सर्व्हिसिंग, आणि माप चुकलं तर परत पाठवण्याचा खर्च कोण देणार, हे सगळं आलं. दुकानाच्या रकान्यात यातलं काय किमतीत धरलंय ते विचारून लिहा. एवढं केल्यावर फरक बहुधा निम्म्यावर येतो. कधी उरतच नाही, तर कधी खरंच मोठा उरतो. मग ऑनलाइन घ्यायला काहीच लाजायचं कारण नाही.

माझं मत विचाराल तर पहिली सायकल, मुलाची सायकल, आणि ज्याच्या आसपास सायकल दुरुस्त करणारा कुणी नाही त्याची सायकल दुकानातूनच घ्यावी. ऑनलाइन त्याने घ्यावी ज्याला स्वतःचं माप आकड्यात माहीत आहे, ज्याच्याकडे ॲलन की आणि पाने आहेत किंवा ओळखीचा मेकॅनिक आहे, आणि ज्याला हवं ते मॉडेल किंवा हवा तो साइज दुकानात मिळतच नाही. हे शेवटचं कारण सर्वांत सबळ. फार उंच किंवा फार ठेंगण्या माणसाला दुकानात कायम मधल्या मापाचीच सायकल गळ्यात मारली जाते.

मुलांच्या बाबतीत ‘वाढत्या अंगाची’ सायकल घेऊ नका. सीटवर बसल्यावर पाय टेकत नाहीत आणि ब्रेकच्या लिव्हरपर्यंत बोटं पोचत नाहीत, अशी सायकल मूल एक तर चालवत नाही किंवा पडतं.

तिसरा मार्गही आहे: ऑनलाइन मागवून कंपनीच्या विक्रेत्याकडे उतरवून घेणे. तो जोडून देतो आणि वॉरंटीचा शिक्काही मारतो. ही सोय असेल तर आधी तीच बघा. काही कंपन्या त्यांच्या विक्रेत्याने जोडली नसेल तर वॉरंटी मानत नाहीत. ही अट खरेदीच्या पानावर नसते, वॉरंटीच्या पत्रकात असते. ते उघडून वाचा.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. दुकानात तासभर बसून चार सायकली चालवून बघायच्या आणि मग ऑर्डर ऑनलाइन द्यायची, हे करू नका. पुढे जोडणीला आणि दुरुस्तीला त्याच माणसाकडे जायचं असतं. ऑनलाइन घेणार हे ठरलेलं असेल तर तसं सांगून जा आणि जोडणीची मजुरी विचारा. बहुतेक जण सरळ उत्तर देतात.

पायरी ५ (क): दुकानातून घेत असाल तर

गर्दीच्या वेळी जाऊ नका. सकाळी दुकान उघडल्यावर जा, पायात रोजचे बूट आणि खिशात मापाची टेप.

आधी सीट तुमच्या आकड्यावर बसवून घ्या. न बसवता मारलेली फेरी फुकट जाते. चुकीच्या उंचीवर चांगली सायकलही वाईट वाटते आणि उलटही. मग किमान पंधरा मिनिटं चालवा. दुकानासमोरच्या दोन चकरांत फक्त रंग कळतो. कोपर किंचित वाकलेलं राहतंय का, वजन तळहातांवर येतंय की सीटवर, वळताना गुडघा हँडलला लागतोय का, हे बघा. उभ्याने पेडल मारून बघा. सगळे गिअर वर-खाली करा.

‘सीट वर केली की बसेल’ हे वाक्य कानावर पडलं की सावध व्हा. सीट वर-खाली केल्याने पायांचं माप जुळतं; हातांचं अंतर तेवढंच राहतं. स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा तुकडा) बदलून एक-दोन सेंटिमीटर फरक करता येतो, एक अख्खा साइज भरून काढता येत नाही. हवा तो साइज मागवून द्या म्हणा. मागवायला आठवडा लागणार असेल तर थांबा.

शोकेसमधली सायकल घेत असाल तर टायरच्या कडा बोटाने दाबून ताणा. बारीक भेगा दिसल्या तर ती बराच काळ उन्हात उभी होती. टायर बदलून मागा. चेनवर गंज, केबलच्या टोकांना सुटलेले तंतू, चाक फिरवल्यावर लचकणारी रिम, हेही तिथेच दाखवा आणि चाकाचा आउट तिथेच काढून घ्या.

भाव करायचाच तर किमतीत नको, सेवेत करा. पहिल्या दोन सर्व्हिसिंग, स्टेमची अदलाबदल, चांगलं कुलूप यांतलं काहीतरी पदरात पाडून घ्या. दुकानदाराला ते सोपं जातं आणि तुमच्या जास्त उपयोगाचं असतं.

तपासा: बिलावर फ्रेमचा नंबर लिहिलेला हवा. तो बहुतेक सायकलींना खाली, क्रँकच्या नळीच्या पोटाला कोरलेला असतो. सायकल उलटी करा आणि स्वतः ताडून बघा. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या. मग सातव्या पायरीवर जा, कारण दुकानाने जोडलेली सायकलही घरी एकदा तपासायची असते.

पायरी ५ (ख): ऑनलाइन घेत असाल तर, ऑर्डरच्या आधी

विक्रेता कंपनी स्वतः आहे की त्या संकेतस्थळावरचा तिसराच कुणी, हे बघा. परत घेण्याच्या अटी पूर्ण वाचा: किती दिवस, जोडलेली सायकल परत घेतात का, मूळ खोकं लागतं का, साइज बदलून देतात का.

ग्राहकांच्या प्रतिक्रियांत पाच तारे सोडून द्या. ते बहुतेक खोकं आल्याच्या दिवशी दिलेले असतात. दोन-तीन ताऱ्यांच्या, फोटोसकट लिहिलेल्या वाचा. एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिसली, म्हणजे डिस्क वाकलेली, पेडलचे आटे गेलेले, बोल्ट कमी, तर तो योगायोग नसतो.

मग मेकॅनिकला फोन करून वेळ ठरवा. खोकं आधी आणि मेकॅनिक नंतर शोधला, की सायकल पंधरा दिवस भिंतीला टेकून राहते आणि परत करायची मुदत निघून जाते. हे फारच सर्रास होतं.

पायरी ६: खोकं उघडणे

घेण्याआधी खोक्याचे सहाही बाजूंनी फोटो काढा. भोक पडलेलं असेल किंवा कोपरा चेपला असेल तर पोचपावतीवर तसं लिहा, मगच सही करा. उघडताना सुरुवातीपासून सलग व्हिडिओ घ्या, लेबलसकट. कात्री खोलवर घालू नका. खाली टायर असतो.

बाहेर काढल्यावर काहीही न जोडता हे बघा:

- मागचा डिरेलर. मागे उभं राहून बघितलं तर हँगर आणि चकत्या एका रेषेत समांतर दिसल्या पाहिजेत. प्रवासात सर्वांत आधी हाच वाकतो.
- ब्रेकच्या डिस्क. चाक धरून फिरवा, डिस्क डुलतेय का ते बघा. बोटं लावू नका, तेलकट बोटांनी ब्रेक चिरकायला लागतो.
- पुढच्या फोर्कच्या टोकांमध्ये प्लॅस्टिकचा आडवा तुकडा आहे का. तो नसेल तर टोकं चेपलेली नाहीत ना, ते बघा.
- फ्रेमवर पोचा किंवा भेग. ओरखडा चालेल, जोडाजवळ रंगात केसासारखी रेघ असेल तर नाही.
- सुट्या भागांची पिशवी यादीशी जुळवा.

सावधान: हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल आणि चाक बसवलेलं नसेल तर लिव्हर दाबू नका. पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग डिस्क आत जात नाही. पॅडमध्ये घातलेली चकती चाक बसवण्याच्या क्षणीच काढा.

यातलं काही बिघडलेलं असेल तर इथेच थांबा आणि विक्रेत्याला फोटो पाठवा. ‘जोडून बघू, कदाचित चालेल’ म्हणून पुढे गेलात की परतीचा दावा कच्चा होतो. खोकं महिनाभर फेकू नका.

पायरी ७: जोडणी, याच क्रमाने

साधारणपणे हँडल, पुढचं चाक, सीट आणि पेडल एवढंच जोडायचं असतं. त्यामुळे ‘यात काय अवघड’ असं वाटतं, आणि नेमक्या याच चार जोडांमध्ये चुकलं तर माणूस पडतो. मेकॅनिककडून करून घेत असाल तरी हे वाचा. काम झाल्यावर तपासायला उपयोगी पडेल.

१. फोर्कची दिशा. खोक्यात तो मागे वळवून ठेवलेला असतो. आधी सरळ करा. फोर्कची टोकं पुढे झुकलेली हवीत. डिस्क ब्रेक असेल तर त्याचा कॅलिपर (ब्रेकचे पॅड धरणारा भाग) डाव्या हाताला, रिम ब्रेक असेल तर तो फोर्कच्या पुढच्या बाजूला. फोर्क उलटा ठेवून जोडलेल्या सायकली रस्त्यावर रोज दिसतात. त्या चालतात, पण हँडल अस्थिर होतं आणि वळताना पाय चाकाला लागतो.

२. हँडल. बाजूने दोन बोल्ट आणि वर एक टोपी अशा स्टेममध्ये क्रम महत्त्वाचा. बाजूचे बोल्ट सैल ठेवून आधी वरचा बोल्ट, फक्त खडखड जाईपर्यंत. मग हँडल चाकाशी काटकोनात आणा. मग बाजूचे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे. वरचा बोल्ट हँडल धरून ठेवत नाही, तो फक्त बेअरिंगचा खेळ काढतो. तोच आवळून बाजूचे सैल सोडले तर पहिल्याच वळणावर हँडल वळतं आणि चाक सरळ राहतं. जुन्या घाटाच्या, आत जाणाऱ्या स्टेमवर कमाल उंचीची रेघ असते. ती नळीच्या आत गेलीच पाहिजे.

३. पुढचं चाक. टायरवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने. क्विक रिलीज लिव्हर (पान्याशिवाय चाक काढायची-बसवायची दांडी) सरळ बाहेर असताना अवरोध सुरू झाला पाहिजे आणि बंद करताना तळहातावर तिचा ठसा उमटला पाहिजे. ती फिरवून घट्ट करायची नसते, दुमडून बंद करायची असते. स्प्रिंगची निमुळती बाजू आत.

४. सीट. दुसऱ्या पायरीतला सीटच्या उंचीचा तुमचा आकडा काढा आणि टेपने मोजून बसवा. सीटपोस्टवरची किमान खोलीची रेघ दिसता कामा नये. ती रेघ बाहेर ठेवल्याशिवाय उंची जुळत नसेल तर फ्रेम लहान आहे. हे परत करण्याचं कारण आहे, जुगाड करण्याचं नव्हे. ताळा म्हणून सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल सर्वांत खाली असताना पाय जेमतेम सरळ व्हायला हवा.

५. पेडल, शेवटी. इथे सर्वांत महाग चूक होते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या उलट दिशेने आवळतं. पेडलवर एल आणि आर लिहिलेलं असतं. लक्षात ठेवायला सोपं असं की पाना वर उभा धरून सायकलच्या पुढच्या दिशेला ढकलला की दोन्ही पेडल आवळतात. आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले चार-पाच वेढे फक्त बोटांनी घाला. बोटांनी जात नसेल तर पेडल तिरकं लागलंय किंवा बाजू चुकली आहे. पान्याने जबरदस्ती केलीत तर पोलादी पेडल ॲल्युमिनियमच्या क्रँकचे आटे खाऊन टाकतं आणि क्रँक बदलावा लागतो.

बोल्ट किती आवळायचा ते पुष्कळदा त्याच्या शेजारीच न्यूटन-मीटरमध्ये छापलेलं असतं. स्टेमचे आणि हँडलचे बोल्ट साधारण ५ च्या आसपास, पेडल ३५ ते ४०. म्हणजे स्टेमला मनगटाचा जोर, पेडलला खांद्याचा. कार्बनचा भाग असेल तर अंदाजावर जाऊ नका, टॉर्क पाना वापरा.

तपासणी: रस्त्यावर नेण्याआधी

पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलच्या नळीजवळ टकटक जाणवली तर दुसरा मुद्दा पुन्हा करा. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळा. जोर लावल्याशिवाय ते हलता कामा नये. पुढचं चाक उचलून वरून हाताने चापट मारा, निखळत नाही ना बघा. दोन्ही ब्रेक पूर्ण दाबा, लिव्हर हँडलला टेकता कामा नये. आणि कोणता लिव्हर पुढच्या ब्रेकचा, ते बघून घ्या. काही देशांत तो उजवीकडे असतो, काही देशांत डावीकडे, आणि खोक्यातून आलेल्या सायकलीत तो तुमच्या सवयीच्या बाजूला असेलच असं नाही.

मागचं चाक उचलून गिअर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. चेन सर्वांत मोठ्या चकतीपलीकडे आऱ्यांकडे सरकत असेल तर डिरेलरच्या ‘एल’ स्क्रूची मर्यादा चुकली आहे. तशी अजिबात चालवू नका. चेन आऱ्यांत अडकली तर डिरेलर, हँगर आणि चाक एकाच झटक्यात जातात.

टायरमध्ये हवा किती, ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. तो कमाल आकडा आहे, तेवढी भरायलाच हवी असं नाही.

पायरी ८: पहिले दीडशे किलोमीटर

डिस्क ब्रेक नवे असताना नीट धरत नाहीत. मोकळ्या जागी मध्यम वेग घ्या, जोरात ब्रेक लावून जवळजवळ थांबेपर्यंत वेग कमी करा, पण पूर्ण थांबू नका. प्रत्येक ब्रेकला हे वीसेक वेळा करा. मग ते नीट धरायला लागतात.

पहिल्या फेरीनंतर, आणि मग शंभर-दीडशे किलोमीटर झाल्यावर क्रँकचे बोल्ट तपासा, विशेषतः चौकोनी ॲक्सलवर बसणारा डावा क्रँक. तो सैल झालेला असताना चालवत राहिलं तर त्याचं चौकोनी भोक खाल्लं जातं. मग कितीही आवळा, पुन्हा सैल होतो. चढावर प्रत्येक फेऱ्याला ‘कट’ असा आवाज आला तर उतरून आधी हेच बघा.

याच सुमारास गिअर घसरायला लागतात. घाबरू नका, केबलची आवरणं आपापल्या जागी बसतात आणि ताण कमी होतो. डिरेलरजवळचा किंवा गिअरच्या लिव्हरजवळचा गोल नॉब अर्धा वेढा बाहेर फिरवून बघा. बहुतेकदा तेवढ्याने जमतं. नव्या चाकाच्या आऱ्याही या काळात थोड्या सैल पडतात आणि चाक आउट होतं, ते मात्र जाणत्या हाताचं काम. दुकानातून घेतली असेल तर मोफत सर्व्हिसिंग इथेच वापरा, ‘अजून तर छान चालतेय’ म्हणून पुढे ढकलू नका. ऑनलाइन घेतली असेल तर ही मजुरी चौथ्या पायरीवरच्या रकान्यात तुम्ही धरलेलीच आहे.

हात बधिर होणं, मानेला रग लागणं, गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखणं, यांतलं काही आठवडाभर टिकलं तर सीट आधी बघा: उंची पाच-पाच मिलिमीटरने, मग पुढे-मागे. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. एका वेळी एकच बदल करा आणि दोन-तीन फेऱ्या मारून मगच दुसरा. हे सगळं करूनही हँडल लांबच वाटत असेल तर आखूड स्टेम लावून बघा. त्यानेही भागलं नाही, तर परतीची मुदत कधी संपते ते त्याच दिवशी बघा.